अठरा इंची पट्टी

महेंद्रनं गोणीतून ती लांबलचक पट्टी काढून ओट्यावर ठेवली आणि त्याची आई कलाबाई हातातलं काम टाकून उठली.

"ही कशाची रं?"

"मशीनची. आपली पट्टी बारा इंची, ही अठरा. नेवाशात भंगारवाल्याकडं एक मोठी मशीन पडली हुती, इंजिन जाम झाल्याली. तिचीच काढून आनली, चेनसकट."

"आन आपलीला काय धाड भरली?"

"फांद्यांना बरी हाय ती. खोडाला पुरत न्हाई."

कुठल्या खोडाला, हे तिनं विचारलं नाही. गावात सध्या एकाच खोडाचं नाव निघत होतं. हनुमंततात्याच्या बांधावरची चिंच.

यंदा ऊसतोडीला हार्वेस्टर आलं. चार टोळ्यांचा ऊस ते एकटंच दिवसभर गिळत होतं, आणि बौद्धवाड्यातले कोयते घरोघरी आढ्याला टांगून राहिले. महेंद्रनं मात्र हाय खाल्ली नाही. झाडं तोडायची छोटी पेट्रोलवरची मशीन घेऊन आला. कुणाची सुबाभूळ, कुणाचा शेवगा, कुणाच्या छपरावर आलेली लिंबाची फांदी, असं करत बरं चाललं होतं. बाप रंगनाथ कुऱ्हाड घेऊन सोबत जायचा, कलाबाई आणि सून माधुरी फांद्या ओढायच्या. आणि मग तात्या दारात आला.

तात्याच्या बांधावरची चिंच म्हणजे साधं झाड नव्हे. कुणाला झपाटलंय, कुणाचं पोर झोपेत दचकतंय, कुणाच्या बायकोच्या अंगात वारं शिरलंय, की बोलवा देवऋषी आणि ठोका चिंचेला खिळा. भूत झाडात, माणूस मोकळं. निदान म्हणायला तरी. असे किती खिळे त्या झाडानं अंगावर घेतले होते कोण जाणे. आता तात्याला तिथून ऊस भरलेला ट्रॅक्टर वळवायचा होता आणि झाड आडवं येत होतं. लाकडाचा व्यापारी आला, खिळे बघितले आणि आल्या पावली गेला. गावातल्या एकाही कुऱ्हाडवाल्यानं झाडाला हात लावला नाही.

"तुमचं बरं हाय रंगनाथ," तात्या अंगणातच उभा राहून म्हणाला होता. "तुमाला देव न्हाई, भूत न्हाई. तुमच्या हाताला काय व्हनार?"

कलाबाईनं चहा पुढं केला. तात्यानं छातीवर हात ठेवला. "नगं, आत्ताच झाला." कप तसाच परत आत गेला. रंगनाथला मात्र तात्याचं बोलणं मोठं सर्टिफिकेट वाटलं. तो ताठ उभा राहून म्हणाला, "आमी भीत न्हाई तात्या. आमी तोडू."

तेव्हा ठरलं होतं ते असं, की फांद्या मशीननं उतरवायच्या आणि खोड बापलेकांनी करवत-कुऱ्हाडीनं पाडायचं. कलाबाई त्यावर काही बोलली नव्हती. कुऱ्हाड खिळ्यावर बसली तर धार बोथट होते, दुसरं काय होणार? पण पारावर तात्यानं चार माणसांत महेंद्रच्या मशीनकडं बघून विचारलं, "ह्यानं चिंच पाडतो का कोथिंबीर चिरतो?" माणसं खो खो हसली. महेंद्र घरी आला तो जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी ही अठरा इंची अवदसा घेऊन आला.

सबंध दुपार तो तिच्यापाठी होता. मोठ्या मशीनची पट्टी लहान मशीनवर सरळ बसते होय? बोल्टाच्या जागी तिची खाच अरुंद निघाली. ती कानशीनं घासली. तेल येण्याचं भोक जुळेना, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून ड्रिल आणून दुसरं पाडलं. चेनचे दात ती फिरवणाऱ्या जुन्या गरारीत बसेनात, तर भंगारातूनच आणलेली गरारी ठोकून ठोकून बसवली. कलाबाई पट्टीचं टोक धरून बसली होती. हाताला काळं तेल लागलं होतं आणि डोक्यात भलतंच चाललं होतं.

शेवटी चेन चढवली, तर ती खालच्या एका छोट्या आकड्याला घासायला लागली. महेंद्रनं स्क्रू काढून तो आकडाच काढून टाकला.

"काहून काढलास? असंल की कायतरी कामाचा."

"चेन तुटली तर आडवायला असतो तो. पर चेन काय रोज तुटतीय का?"

त्यानं दोरी ओढली. मशीन दोनदा खोकली, तिसऱ्यांदा पेटली, आणि ती लांब पट्टी हातात घेऊन तो अंगणात उभा राहिला तेव्हा शेजारपाजारची माणसं बघायला आली. लहान मशीनला एवढं लांब तोंड बघून एक म्हातारा म्हणाला, बोकडाला बैलाची शिंगं लावली रं पोरानं. सगळे हसले, महेंद्रही हसला. माधुरीनं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. कलाबाईला हसू आलं नाही.

कारण त्या चिंचेत एक खिळा तिचा होता.

महेंद्रच्या आधीची गोष्ट. पहिली लेक जन्मली ती रडलीच नाही. कलाबाईच्या अंगात दूध होतं आणि प्यायला कुणी नव्हतं. ती दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडायची, मधेच उठून ओरडायची, लुगड्याचं भान राहायचं नाही. रंगनाथ तेव्हा संगमनेरकडं तोडीला गेला होता. घरात तथागताची मूर्ती होती, सासऱ्यानं दीक्षा घेतलेली होती, सगळं होतं. पण सासू चांगुणा घाबरली. तिनं परगावचा देवऋषी गाठला, आणि सगळी माणसं रानात गेलेली असताना भर दुपारी कलाबाईला चिंचेखाली नेलं. खोडाला पाठ लावून बसवलं. दोन बायांनी खांदे दाबून धरले. देवऋषीनं तिच्या टाळूवरचे केस खिळ्याला गुंडाळले आणि तिच्या डोक्यावर, अगदी डोक्याला लागून, खिळा ठोकला. प्रत्येक घावाला केस मुळापासून ओढले जात होते. मग कात्रीनं बट कापली आणि म्हणाला, ऊठ, मोकळी झालीस.

त्या दिवसापासून कलाबाई ओरडायची थांबली. बरं वाटलं म्हणून नव्हे, पुन्हा तिथं नेतील या धाकानं. पुढं महेंद्र झाला, आणि चांगुणा मरेपर्यंत तिच्यापाशी हळूच म्हणत राहिली, की खिळ्याचा गुण आला. "रंगनाथच्या कानावर जाऊ देऊ नगं," ती म्हणाली होती. "घर फुटंल."

ते मात्र खरंच होतं. विहारात दर धम्मचक्र दिनाला रंगनाथ उभा राहून बोलायचा. बोलायचा तोही खणखणीत. त्याच्या सख्ख्या बहिणीनं, पुष्पावतीनं, नातवासाठी बोकडाचा नवस फेडला, तेव्हापासून त्यानं तिचा उंबरा ओलांडला नव्हता. तिचा नवरा वारला तेव्हासुद्धा हा लांब रस्त्यावर उभा राहिला आणि तसाच माघारी आला. पुष्पावती पदर तोंडात कोंबून रडत होती, ती काही भावासाठी रडत नव्हती असं कोण म्हणेल? कलाबाईनं ते सगळं बघितलं होतं. आता ही गोष्ट बोलली तर या वयात संसारातून उठायची वेळ. गप्प राहिली तर पोराच्या अंगाशी यायचं. दोन्हीकडून मरण तिचंच.

जेवताना तिनं आडून विचारून पाहिलं.

"त्या झाडात खिळे लई हायेत म्हन्तात. मशीन खराब व्हईल."

"दिसतात तेवढे उपटनार की," महेंद्र म्हणाला. "पक्कड घेतलीय मोठी."

"आन आत गेल्याले? जुने?"

रंगनाथनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि न बघता उत्तर दिलं. "जुने खाली कुठून ऱ्हातील? झाड वाढतं तसा खिळाबी वर जातो. जुना जेवढा तेवढा वर. खोडात नवेच असतील, ते दिसतात."

"व्हय, मागं मी बघितलाय की," महेंद्र म्हणाला. "पार वरच्या बेचक्यात एक गंजल्याला खिळा हाय. तिथं का कुनी चढून ठोकलाय?"

कलाबाईच्या मानेवरची शीर सैल पडली. इतकी वर्षं झाली. झाड केवढं वाढलं. तिचा खिळा आता कुठल्या कुठं, फांद्यांत गेला असणार. फांद्या तर लहान पट्टीनं आधीच उतरवायच्या आहेत. नवरा चुकीचं कशाला सांगेल? जन्मभर झाडं तोडलेला माणूस. तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

तरी दुसऱ्या दिवशी, फांद्या उतरवून झाल्यावर आणि खिळे उपटून झाल्यावर, माणसं पाणी प्यायला बसली तेव्हा ती खोडाजवळ गेली. पदर सावरायचं निमित्त करून खाली टेकली. पाठ खोडाला लावली. नको तेवढं सगळं आठवलं, दुपार, ऊन, खांद्यावरचे हात. तिनं डोक्यावरून हात मागं नेला आणि साल चाचपली. खिळा नव्हता. सालीला एक गाठ होती, बेंबीसारखी आत वळलेली. ती मनाशी म्हणाली, खिळा गेला वर, व्रण राहिला खाली. आणि उठली.

महेंद्रनं खोड नीट न्याहाळलं. बुंध्याच्या मुळ्या पसरलेल्या होत्या, तिथं पट्टी पोचत नव्हती. म्हणून त्यानं काप जरा वर धरला, कमरेच्या खाली. रंगनाथनं दोर ताणून धरला. तात्या आपल्या दोन माणसांसह लांब सावलीत उभा होता.

लहान इंजिनाला ती पट्टी जड जात होती. मशीन कण्हत होती, धूर काढत होती, पण लाकडात शिरत होती. लालसर भुसा महेंद्रच्या पायावर पडत होता. त्यानं वळून आईकडं बघितलं आणि हसला. पारावरचा अपमान त्या भुशात धुऊन निघत होता. कलाबाईही हसली, आणि हसता हसता तिला दिसलं, की पट्टी त्या गाठीच्या अगदी रोखानं आत चाललीय.

तिनं हाक मारली. हाक मारली असं तिला वाटलं. प्रत्यक्षात तोंडातून आवाजच निघाला नाही.

आधी भुशाचा रंग बदलला. लालसर होता तो गंजाच्या डागानं काळानिळा झाला. मग मशीन किंचाळली, खोडातून ठिणग्या उडाल्या, कड्‌कन काहीतरी तुटलं, आणि चेनचं मोकळं टोक खालून सुटून महेंद्रच्या उजव्या हातावर आलं. ते इतक्या झटक्यात झालं, की महेंद्र स्वतः दोन क्षण हाताकडं बघतच राहिला. दुखतंय हेही त्याला कळलेलं नव्हतं. "आण्णा," तो बापाला अगदी साध्या आवाजात म्हणाला, "माजी बोटं बघा." मग तो खाली बसला.

रंगनाथनं दोर टाकला. डोक्याचा पटका सोडून पोराच्या हाताला गुंडाळला, तो क्षणात लाल झाला. त्यावर माधुरीनं ओढणी बांधली. ती मोठमोठ्यानं रडत होती, पण हात चालवत होती. मशीन आडवी पडून तशीच फुरफुरत होती. ती बंद कर म्हणून कुणीतरी कलाबाईला ओरडलं. रोज बघितलेली मशीन, पण बटण कुठं असतं हे तिला आठवेना. ती नुसती उभी होती.

तात्यानं पिकअप आणली, एवढं त्याचं खरं. पण महेंद्रला आत बसवायला गेले तर म्हणाला, "मागं हौद्यात घ्या. शिटा नव्या हायेत." हौद्यात पोतं अंथरून पोराला निजवलं. बापानं डोकं मांडीवर घेतलं, बायकोनं हात वर धरला. गाडी सुटताना तात्या आपल्या माणसाला हळूच म्हणाला, पण कलाबाईला ऐकू गेलं, "शेवटी चिंचेनं दाखवलंच."

नेवाशाला दवाखान्यात हात शिवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. हाडाचा चुरा झाला होता, डॉक्टरांचाही इलाज नव्हता. मधल्या बोटाचं नंतर बघू म्हणाले. महेंद्र गुंगीत पडून होता. कलाबाई खाटेशेजारी जमिनीवर बसली ती उठली नाही. माधुरीनं चहा आणला, तो साय धरून निवला. कलाबाईच्या डोक्यात एकच घण पडत होता, वर गेला नव्हता, वर गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथ गावी जाऊन आला. गावात घरोघरी एकच बोलणं होतं, की चिंच कोपली, बौद्धवाड्याचा ताठा उतरवला. त्यानं कुणाला उत्तर दिलं नाही. कुऱ्हाड घेऊन सरळ बांधावर गेला आणि काप फोडून बघितला. दुपारी दवाखान्यात परतला तेव्हा त्याचा चेहरा राखेचा झाला होता. महेंद्रच्या खाटेला हिरवा पडदा होता. पडद्याबाहेरच्या बाकावर तो बसला आणि कलाबाईला शेजारी बोलावलं.

"खिळा हुता," तो म्हणाला. "हुता तिथंच हुता. वर न्हाई गेला का खाली न्हाई गेला. झाडानं भवतीनं लाकूड चढवलं नुसतं. मी आडानी, जलमभर झाडं तोडली आन मला हे ठाऊक न्हाई."

कलाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"केस हुते त्याला. बाईमानसाचे. लांब." त्याचा आवाज चढला. "कुन्या मूर्खांनी कुन्या गरीब बाईला धरून आनली आसंल. त्यांच्या आडानीपनापायी माज्या पोराची बोटं गेली. घाव घालनारा दिसला ना आज, तर..."

"ते केस माजे हायेत," कलाबाई म्हणाली.

रंगनाथला ते ऐकू आलं, पण समजलं नाही.

"पयली पोरगी गेली तवा. तुमी तोडीला गेल्ता. आत्याबाईंनी नेलं मला. सांगितलं, तुमाला कळू देयाचं न्हाई."

पलीकडं कुणाचंतरी बाळ रडत होतं, नर्स स्टूल ओढत होती. रंगनाथनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. स्वतःची आई, स्वतःचं घर, ज्या घराचं नाव घेऊन तो विहारात बोलायचा. भिंत अंगावर यावी तसा तो बसल्या जागी मागं झाला. मग चाचपडत त्याच्या तोंडून शब्द आले.

"म्हंजी तुला ठाऊक हुतं. तिथं खिळा हाय हे ठाऊक हुतं."

"तुमी म्हनलात वर जातो. मला खरं वाटलं."

"तरी सांगायचं. निस्तं बोलायचं. पोराच्या हातापरीस असं काय मोठं हुतं तुला?"

"मला काईच मोठं न्हवतं," कलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुमाला मोठं हुतं. पुष्पावन्सं बघितल्या मी. दाल्ला मेला तरी तुमी त्यांच्या उंबऱ्याला पाय लावला न्हाई. एका बोकडासाठी. माजा तर खिळा हुता. मला कुटं ठिवलं असतं तुमी?"

रंगनाथनं बायकोच्या डोक्याकडं बघितलं, टाळूकडं, जिथं पांढरे केस विरळ झाले होते. इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि त्यानं तिथं कधी नीट बघितलं नव्हतं.

"आई," पडद्याच्या आतून हाक आली.

पडदा तो पडदा, त्याला काय भिंत म्हणतात? पोरानं सगळं ऐकलं होतं. कलाबाई उठली. आता तो तोंड फिरवेल, म्हणेल जा, म्हणेल माझ्या हाताची मारेकरी तू. म्हणाला तर म्हणू दे, ऐकायचंच आहे, असं मनाशी घोकत ती पडदा सारून आत गेली.

महेंद्र जागा होता. उशीवर ठेवलेला पांढरा गठ्ठा, त्याचा उजवा हात, त्याच्याकडंच तो बघत होता. ओठ कोरडे पडले होते. त्यानं मान वळवून आईकडं बघितलं आणि बघतच राहिला, नवीनच कुणी माणूस समोर आल्यासारखा.

"बस," तो म्हणाला.

ती खाटेच्या काठावर बसली.

"आई, तवा दुखलं हुतं का गं?"

हे तिला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तर खांदे दाबून धरले होते, आणि ती स्वतःही मनाला कधी बोलली नव्हती.

"लई दुखलं रं," ती म्हणाली, आणि त्या पहिल्या लेकीपासूनचं रडू तिला तिथं, भर दुपारी, सगळ्या वॉर्डादेखत आलं. महेंद्रनं डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. पडद्याशी रंगनाथ उभा होता, त्यानं ते ऐकलं.